गावच्या मैदानातून जिल्ह्याच्या संघात : कबड्डीपटूंची निवड नेमकी होते कशी?

कर्जत / खालापूर : दिवाळी सरली, भाताची झोडणी उरकली की दोन्ही तालुक्यांत कबड्डीचे सामने सुरू होतात. कडाव, कशेळे, कळंबपासून चौक, वावोशीपर्यंत शेतात नाहीतर शाळेच्या पटांगणावर मैदान आखलं जातं, फ्लडलाइट लागतात आणि रात्री दोन-तीन वाजेपर्यंत गर्दी हलत नाही. त्यात एखादा सतरा-अठरा वर्षांचा पोरगा तिसऱ्या चढाईत तिघांना बाद करून परततो आणि अख्खं मैदान डोक्यावर घेतलं जातं. उत्कृष्ट चढाईपटूचं बक्षीस त्यालाच मिळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो कंपनीच्या गाडीत बसून कंत्राटी कामावर जातो.

"एवढा खेळतो पोरगा, पण त्याला बघायला कोण येतंय?" हे वाक्य अशा सामन्यांत हमखास ऐकू येतं. खरं तर बघणारे आहेत. पण ते गावोगावी फिरत नाहीत. ते ठरलेल्या स्पर्धांना, ठरलेल्या महिन्यांत बसतात आणि ठरलेल्या वयाचीच पोरं बघतात. ती वेळ चुकली तर चांगला खेळाडूही मागं राहतो. म्हणून कोणत्या वयात, कुठं आणि कोणत्या कागदांसह जायचं हे पालकांना माहीत असणं गरजेचं आहे.

अमेरिकेत आणि आपल्याकडं

अमेरिकेत खेळाडू शोधण्याचं मोठं काम कॉलेजं करतात. तिथल्या फुटबॉलमध्ये कॉलेजचे प्रशिक्षक हायस्कूलच्या सामन्यांना जातात, पोरांच्या खेळाचे व्हिडिओ तपासतात, घरी जाऊन आई-वडिलांना भेटतात. पसंत पडलेल्या मुलाला शिष्यवृत्ती देऊन कॉलेजात घेतात. म्हणजे शोधायला निघतो तो प्रशिक्षक.

आपल्याकडं हे काम एका हातात नाही. शाळेच्या स्पर्धा क्रीडा खातं घेतं, जिल्ह्याचा संघ कबड्डी संघटना निवडते, विद्यापीठाचा संघ वेगळा, कंपन्या आणि पोलीस खात्याचे संघ वेगळे आणि प्रो कबड्डीचे संघ त्याहून वेगळे. प्रत्येकाची चाचणी वेगळी, वयाची अट वेगळी. इथं प्रशिक्षकापर्यंत खेळाडूलाच पोहोचावं लागतं.

8 ते 14 वर्षं : निवासी केंद्रांची चाचणी

सगळ्यात लवकर चुकणारी संधी हीच. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनींमध्ये लहान वयाच्या मुलामुलींना घेऊन त्यांचं राहणं, जेवण, शिक्षण आणि सराव सरकारी खर्चानं होतो. इथं सामने खेळवून निवड होत नाही. उंची, वजन, धावण्याचा वेग, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, लवचीकपणा अशा शारीरिक चाचण्या घेतात. मूल कोणता खेळ खेळतं यापेक्षा त्याच्या अंगात काय आहे, हे बघितलं जातं.

याचं जवळचं उदाहरण म्हणजे स्वप्नील कुसाळे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा हा मुलगा 2009 मध्ये क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. नेमबाजी त्यानं तिथं गेल्यावर निवडली. पुढं मध्य रेल्वेत नोकरी लागली आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यानं कांस्यपदक जिंकलं.

लष्कराच्या बॉईज स्पोर्ट्स कंपन्यांमध्येही 8 ते 14 वयोगटातील मुलं घेतात. पुण्यातल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये अशी कंपनी आहे आणि खोपोलीहून पुणे लांब नाही. केंद्र सरकारनं मार्च 2024 मध्ये 'कीर्ती' नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात 9 ते 18 वर्षांच्या मुलांची ऑनलाइन नोंदणी करून चाचणी घेतात. 'खेलो इंडिया' योजनेत निवडलेल्या खेळाडूला खर्चासाठी वर्षाला 1 लाख 20 हजार रुपये भत्ता आणि त्याशिवाय प्रशिक्षणाची सोय मिळते.

डोंगरपट्ट्यातल्या ठाकूर, कातकरी वाड्यांवरची पोरं रोज चढ-उतार करून काटक झालेली असतात. धावण्याच्या चाचणीत अशा पोरांचा कस दिसतो. नाशिकच्या हरसूल भागातील सावरपाड्याची कविता राऊत अशाच आदिवासी पाड्यातून आली. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं 10 हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवलं. मुलाच्या अंगात वेग दिसला, तर कबड्डीच हवी असा हट्ट नको.

शाळेच्या स्पर्धा : पावसाळ्यातच सुरुवात

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय असा क्रम असतो. कर्जत किंवा खालापूर तालुक्यात जिंकलेला शाळेचा संघ जिल्ह्याला जातो, जिल्ह्यात जिंकला तर मुंबई विभागात.

इथं दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. पहिली, या स्पर्धा साधारण ऑगस्ट-सप्टेंबरपासून सुरू होतात. गावाकडची पोरं मात्र दिवाळीनंतर सरावाला लागतात. शाळेच्या सामन्यांच्या वेळी लावणी झालेली असते, मैदानात चिखल असतो आणि दम कमी पडतो. ज्या शाळा जूनपासून हॉलमध्ये किंवा पडवीत का होईना सराव घेतात, त्यांचे संघ पुढं जातात.

दुसरी गोष्ट, शाळेनं ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन नोंदणी केली नाही, तर कितीही भारी संघ असला तरी मैदानात उतरता येत नाही. जूनमध्ये शाळा उघडली की पालकांनी शारीरिक शिक्षणाच्या सरांना किंवा मुख्याध्यापकांना फक्त एवढंच विचारावं : आपल्या शाळेची नोंदणी कबड्डीत होणार आहे का?

आश्रमशाळांच्या स्पर्धा आदिवासी विकास खात्यातर्फे वेगळ्या होतात. प्रकल्प, विभाग आणि राज्य असे त्यांचे टप्पे. आपले तालुके पेण प्रकल्पात येतात. पण केवळ त्या स्पर्धांवर थांबू नये. शालेय स्पर्धेतही आश्रमशाळेचा संघ उतरला, तर पोरं आणखी एका निवड समितीच्या डोळ्यांखालून जातात.

दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुणही अशा मान्यताप्राप्त स्पर्धांवरच ठरतात. स्पर्धा कोणत्या पातळीवरची, यावर ते अवलंबून असून कमाल 25 पर्यंत असतात. गावच्या सामन्यातली भलीमोठी ट्रॉफी इथं धरली जात नाही.

मंडळ, जिल्हा संघटना आणि निवड चाचणी

शाळेबाहेरचा मुख्य रस्ता मंडळातून जातो. रायगडात जवळपास प्रत्येक गावाला कबड्डीचं मंडळ आहे. पण मंडळ जिल्हा संघटनेकडं नोंदलेलं आणि खेळाडूही त्या मंडळाकडून नोंदलेला असला, तरच तो जिल्हा निवड चाचणी स्पर्धेत खेळू शकतो.

किशोर-किशोरी गट 16 वर्षांखालील, कुमार-कुमारी गट 20 वर्षांखालील आणि त्यानंतर खुला गट, अशी विभागणी असते. वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते आणि ती मधूनमधून बदलते. त्यामुळं त्या वर्षीचा आकडा मंडळाच्या चिटणीसाकडून विचारून घ्यावा. वजन काट्यावर अर्धा किलो जास्त भरलं म्हणून पोरगा परत पाठवला जातो आणि त्याचं एक वर्ष फुकट जातं.

निवड चाचणी स्पर्धेतून जिल्ह्याचा संघ ठरतो. तो राज्य अजिंक्यपद स्पर्धेत खेळतो. तिथं राज्य संघटनेची निवड समिती बसलेली असते आणि महाराष्ट्राचा संघ त्यातून निवडला जातो. कंपन्यांचे, प्रो कबड्डीचे जाणकारही या स्पर्धांना नजर ठेवून असतात. म्हणून जिल्ह्याच्या संघात नाव येणं ही खरी पहिली पायरी.

कर्जतकरांपुढं इथं एक पेच असतो. कर्जतहून लोकल पकडली की मुंबईचं मैदान गाठता येतं. उलट अलिबागला जायचं तर खोपोली-पेणमार्गे अर्धा दिवस मोडतो. काही पोरं त्यामुळं ठाण्या-मुंबईच्या मंडळातून खेळायला लागतात. त्यात गैर काही नाही. पण एका हंगामात एकाच जिल्ह्यातून खेळता येतं आणि जिल्हा बदलायचा तर ना-हरकत लागते. दोन ठिकाणी सह्या करून ठेवल्या, तर दोन्हीकडून नाव कटण्याची भीती असते. सही करण्याआधी घरच्यांशी आणि जुन्या मंडळाशी बोलून घ्यावं.

निवड समिती बघते तरी काय?

गावच्या सामन्यात टाळ्या पडतात त्या मोठ्या चढाईला. निवड समिती मात्र बाकीच्या गोष्टीही बघते.

चढाई रिकामी परतली तरी तोल कसा होता? मध्यरेषेकडं परतताना नजर कुठं होती? बोनस घेताना पाय किती सहज पडतो? कोपरारक्षक घाई करून पकडीत घुसतो की चढाईपटूला आत येऊ देतो? साखळीतला साथीदार सुटला तर मध्यरक्षक मदतीला धावतो का? लोण बसल्यावर पोरगा खांदे पाडतो की पुढच्या चढाईला तयार असतो? पंचांशी हुज्जत घालतो का?

आणखी एक मोठा फरक म्हणजे मॅट. वरच्या पातळीवरचे सामने मॅटवर होतात. आपल्याकडं बहुतेक सराव मातीवर. मॅटवर बूट घालून पाय वेगळा पडतो, घसरणं कमी होतं, पण गुडघा पिरगळण्याचा धोका राहतो. मातीत वाघ असलेली पोरं पहिल्यांदा मॅटवर उतरली की चाचपडतात. चाचणीआधी निदान आठ-दहा दिवस मॅटवर खेळायला मिळेल अशी सोय मंडळांनी करायला हवी. दोन-चार मंडळांनी मिळून एक मॅट घेतली, तर खर्चही झेपतो.

हल्ली बऱ्याच सामन्यांचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होतं. त्यातल्या स्वतःच्या चढाया-पकडी कापून तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलमध्ये ठेवावा. प्रशिक्षकानं विचारलं तर दाखवायला तो उपयोगी पडतो. त्यात नुसते जिंकलेले गुण नकोत, एक-दोन पूर्ण डावही असावेत.

कॉलेज सोडू नका

बारावीनंतर बरीच पोरं खेळासाठी शिक्षण सोडतात, नाहीतर कामासाठी खेळ सोडतात. दोन्ही तोट्याचं. कर्जत, खोपोलीतली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडतात आणि तो आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळतो.

अमेरिकेसारखी शिष्यवृत्ती इथं नसली तरी खेळाला महत्त्व देणारी कॉलेजं चांगल्या खेळाडूला प्रवेश, फी आणि हजेरीत सांभाळून घेतात. प्रवेश घेण्याआधी क्रीडा संचालकांना भेटावं. संघ दरवर्षी उतरतो का, सराव कोण घेतं, परीक्षा आणि स्पर्धा एकाच वेळी आल्या तर काय करतात, हे विचारावं.

पदवीचा दुसरा फायदा नोकरीत दिसतो. क्रीडा कोट्यातलं पद मिळवायलाही त्या पदाची शैक्षणिक पात्रता लागतेच. मैदानावरचं पदक आहे आणि बारावीचा निकाल नाही, अशा खेळाडूला मोठी जागा सोडावी लागते.

नोकरी : कंपनी, पोलीस, रेल्वे

आपल्या भागातल्या घरांना खरी ओढ आहे ती याची. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे, पोलीस भरतीतही ते लागू आहे. जितक्या वरच्या पातळीवरची कामगिरी, तितकं वरचं पद, असा त्याचा ढोबळ नियम. रेल्वे, बँका आणि मोठ्या कंपन्या स्वतःच्या संघासाठी वेगळी भरती करतात. मात्र पूर्वीसारखी कायम नोकरी सगळीकडं मिळत नाही. बऱ्याच ठिकाणी वर्षा-दोन वर्षांचा करार किंवा मासिक मानधन असतं. सही करताना हे स्पष्ट विचारून घ्यावं, शिवाय दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार हेही.

सरकारी नोकरीसाठी क्रीडा प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं. जाहिरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे आधीच करून ठेवलेलं बरं.

प्रो कबड्डीचं गणित

2014 मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि घराघरांत पोरांना 'यू मुंबा', 'पुणेरी पलटण'ची स्वप्नं पडू लागली. कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईला 2018 मध्ये यू मुंबानं 36 लाख 40 हजारांना घेतलं. पहिल्याच हंगामात तो असा खेळला, की पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले. त्याआधी तो एअर इंडियाच्या संघातून खेळत होता. अहिल्यानगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार 2021-22 च्या हंगामात पुणेरी पलटणमध्ये आला, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात खेळला आणि 2024 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पुण्यानं लीग जिंकली.

पण आकडे नीट बघायला हवेत. लीगमध्ये 12 संघ आहेत आणि एका संघात जास्तीत जास्त 25 खेळाडू. म्हणजे संपूर्ण देशातून, शिवाय इराणसारख्या देशांतले खेळाडू धरून, फार तर 300 जागा. त्यात महाराष्ट्राची स्पर्धा हरियाणा, उत्तर प्रदेश, तमिळनाडूच्या पोरांशी. अलीकडच्या लिलावांत सर्वांत खालच्या 'ड' गटाची मूळ किंमत 9 लाख रुपये होती. नवख्या पोरांना संघ लिलावाबाहेर 'न्यू यंग प्लेअर' म्हणून थेट करारानं घेतात. ही पोरं त्यांना दिसतात ती राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांत, विद्यापीठाच्या सामन्यांत आणि 2022 पासून होणाऱ्या युवा कबड्डी सिरीजमध्ये. एका रात्रीच्या सामन्यातून थेट लीगमध्ये उडी जवळपास कुणाची होत नाही.

मुलींसाठी वाट मोकळी, अडचण घरात

मुलींचे संघ कमी असल्यामुळं तालुका आणि जिल्हा पातळीवर चुरस मुलांपेक्षा कमी असते. चांगल्या खेळणाऱ्या मुलीचं नाव लवकर पुढं येतं. अडतं ते प्रवासात आणि मुक्कामात. संघासोबत महिला व्यवस्थापक आहे का, मुक्काम कुठं आहे, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे. उत्तर नीट मिळालं तर मुलीला थांबवू नये. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राचीच आहे.

इथं फसू नका

खेळाच्या नावावर पैसे काढणारेही वाढलेत. "राष्ट्रीय स्पर्धेत खेळवतो, सर्टिफिकेट देतो, एवढे हजार भरा" असा फोन किंवा व्हॉट्सॲप मेसेज आला तर आधी ती स्पर्धा घेणारी संघटना मान्यताप्राप्त आहे का, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारावं. नावात 'नॅशनल' किंवा 'इंटरनॅशनल' असलं म्हणजे प्रमाणपत्र चालतं असं नाही. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकरी मिळवल्याची प्रकरणं राज्यात उघड झाली आहेत. पैसे तर गेलेच, वर गुन्हाही दाखल होतो.

लीगच्या संघात "सेटिंग करून देतो" म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवावं. संघाला पोरगा हवा असेल, तर संघ त्याला पैसे देतो. त्याच्याकडून मागत नाही.

ही फाईल आजच तयार करा

चांगला खेळणारी कित्येक पोरं मैदानात नाही, टेबलावर बाद होतात. जन्मदाखल्यावर एक तारीख, आधारवर दुसरी, शाळेच्या दाखल्यावर तिसरी. चाचणीच्या दिवशी हे दुरुस्त होत नाही. म्हणून घरात एक फाईल असावी :

- जन्मदाखला, आधार कार्ड आणि शाळेचा दाखला, तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख सारखी
- शाळा किंवा कॉलेजचं बोनाफाईड
- जातीचा दाखला, असल्यास
- मंडळाची आणि खेळाडूची नोंदणी झाल्याचा कागद
- प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, आणि सगळ्यांचे मोबाईलमध्ये फोटो
- पासपोर्ट आकाराचे फोटो, बँक पासबुकची प्रत

शालेय स्पर्धा आणि सवलतीच्या गुणांबाबत शाळेत किंवा अलिबागजवळ नेहुली इथल्या जिल्हा क्रीडा संकुलात चौकशी करता येते. मंडळ नोंदणी आणि निवड चाचणीच्या तारखा मंडळाच्या चिटणीसाकडं मिळतात.

आणि वय निघून गेलं असं वाटत असेल, तर बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आठवावा. बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला, धावायला खऱ्या अर्थानं तिथंच लागला. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 3 हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय पुरुष ठरला. पण त्याच्याकडं बारावीचा निकाल होता आणि भरतीच्या रांगेत तो वेळेवर उभा होता.

या हंगामात सामने भरवणाऱ्या मंडळांनीही एक काम करावं. उत्कृष्ट खेळाडूला सायकल नाहीतर मोबाईल देताना, त्याची जिल्हा संघटनेकडं नोंदणी झालीय का, एवढं त्याच माईकवरून विचारावं. नसेल झाली, तर दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत जाऊन ती करून द्यावी. मोबाईल दोन वर्षांत जुना होईल. नोंदणी वेळेवर झाली, तर पोरगा निदान चाचणीला तरी उभा राहील.